यूपीआयवरून गेलेले पैसे परत मिळवताना: अडकलेले, चुकलेले आणि लुबाडलेले

"यूपीआयवरून पैसे गेले" असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी खात्यातून रक्कम वजा होते पण समोरच्याला पोहोचतच नाही. कधी ती पोहोचते, पण भलत्याच माणसाला. आणि कधी ज्याला ती पोहोचली त्याने ती फसवून काढून घेतलेली असते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, दाद मागण्याची ठिकाणे वेगळी आहेत आणि मुख्य म्हणजे हाताशी असलेला वेळ वेगळा आहे. पहिल्या प्रकारात एक दिवस थांबणे शहाणपणाचे असते, तर तिसऱ्या प्रकारात एक तास थांबणेही महागात पडते. ओळखीच्या माणसांना मदत करताना मी वारंवार पाहिले आहे, की सुरुवातीचा सगळ्यांत मोलाचा वेळ चुकीच्या दारात उभे राहण्यात जातो. फसवणूक झालेला माणूस अ‍ॅपच्या मदत विभागात तक्रार टाकून उत्तराची वाट पाहत बसतो, आणि ज्याचा व्यवहार नुसता अडकला आहे तो घाबरून इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधतो व तिथे सापडलेल्या बनावट क्रमांकावर फोन करून खरोखरच लुबाडला जातो. म्हणून काहीही करण्याआधी आपला प्रकार कोणता, हे ओळखा. फसवणुकीची शंका असेल तर मधले सगळे सोडून थेट 'फसवणूक झाली असेल तर' या भागाकडे जा आणि बाकीचे नंतर सावकाश वाचा.

व्यवहाराची नोंद

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान लागते, ती म्हणजे व्यवहाराची पक्की नोंद. अ‍ॅपमधील व्यवहारांच्या इतिहासात जाऊन तो विशिष्ट व्यवहार उघडला, की तिथे सहसा दोन क्रमांक दिसतात. एक त्या अ‍ॅपने स्वतःसाठी दिलेला असतो आणि त्यात बहुधा अक्षरेही असतात. दुसरा बारा अंकी असतो आणि त्याला यूटीआर म्हणतात. बँकेला हा बारा अंकी क्रमांक लागतो, कारण पाठवणारी बँक, घेणारी बँक आणि त्यांच्यामधली यंत्रणा या तिघांकडे त्याच क्रमांकाने व्यवहार सापडतो. अनेक तक्रारी केवळ दुसराच क्रमांक लिहिल्यामुळे "व्यवहार आढळला नाही" अशा उत्तरासह परत येतात.

त्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी, तिथे दिसणारे नाव आणि बँक हे सर्व त्यात आले पाहिजे. त्यानंतर बँकेच्या खात्याचा उतारा उघडून रक्कम खरोखर वजा झाली आहे का, हेही पाहा. एसएमएसवर विसंबू नका, कारण एसएमएस उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि खोटा एसएमएस तर कोणीही पाठवू शकतो.

पैसे मधेच अडकले असतील तर

यूपीआय ही यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, चालवते. आपण पिन टाकला की आधी आपल्या बँकेतून रक्कम वजा होते आणि मग समोरच्या बँकेला ती जमा करण्याचा निरोप जातो. या निरोपाचे उत्तर वेळेत आले नाही, तर रक्कम वजा झालेली असूनही ती जमा झाली की नाही हे कोणालाच लगेच सांगता येत नाही. अ‍ॅपवर तेव्हा 'प्रलंबित' असे दिसते. अशा वेळी पुन्हा पैसे पाठवण्याची घाई करू नये. दुकानदार खोळंबला असेल तर शक्यतो रोख किंवा कार्डाने पैसे द्यावेत, कारण अडकलेला व्यवहार थोड्या वेळाने पूर्ण झाला तर दुकानात दुप्पट रक्कम जाते आणि मग ती परत मागण्याचे नवे काम मागे लागते.

या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले, ज्यातील भरपाईचे नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. ते प्रत्येक यूपीआय वापरणाऱ्याला माहीत असायला हवेत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला केलेल्या पेमेंटमध्ये रक्कम वजा झाली पण दुकानदाराकडे खात्री पोहोचली नाही, तर ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची आहे. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नव्हेत, त्यामुळे मधे रविवार किंवा सण आला तरी मुदत वाढत नाही. मुदत उलटल्यावर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला मिळायची असते आणि ती ग्राहकाने न मागताही खात्यात जमा व्हावी असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. प्रत्यक्षात ती बरेचदा मागावी लागते, आणि मागण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

तेव्हा मुदत संपेपर्यंत थांबा. रक्कम आली नाही तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तिथे काम झाले नाही तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार द्या. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही यूपीआयच्या तक्रारींसाठी अर्ज आहे आणि १८००-१२०-१७४० हा तिचा निःशुल्क क्रमांक आहे, मात्र पैसे तुमच्या खात्यात जमा करण्याचे काम शेवटी बँकच करते, म्हणून बँकेकडील लेखी तक्रार वगळू नका.

भलत्याच खात्यात गेले असतील तर

हा प्रकार सगळ्यांत जास्त मनस्ताप देणारा आहे, कारण यंत्रणेच्या दृष्टीने इथे काहीही चुकलेले नसते. तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी, तुमच्या पिनने, तुम्ही लिहिलेली रक्कम गेलेली असते. ज्याच्या खात्यात ती पडली, त्याच्या संमतीविना त्याची बँक एरवी ती परस्पर काढून तुम्हाला देऊ शकत नाही. हे ऐकून लोक बँकेवर चिडतात, पण हाच नियम नसता तर कोणीही आधी पैसे देऊन माल घेतला असता आणि मग "चुकून गेले" असे सांगून ते परत मागितले असते.

याचा अर्थ तुमचा हक्क संपला असा मात्र नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ प्रमाणे ज्याला चुकून पैसे मिळाले, त्याने ते परत केलेच पाहिजेत. हक्क तुमच्या बाजूने आहे, प्रश्न फक्त त्या माणसापर्यंत विश्वासार्ह मार्गाने पोहोचण्याचा असतो. आणि नेमकी तिथेच बहुतेकांची चूक होते.

माझ्या मावशीने एका जुन्या भाडेकरूला अनामत रकमेपैकी चौदा हजार रुपये परत केले, ते फोनमध्ये साठवलेल्या त्याच्या क्रमांकावर. तो क्रमांक त्याने कधीच सोडून दिला होता आणि तो आता दुसऱ्याच कोणाला मिळालेला होता. पडद्यावर वेगळे नाव दिसत होते, ते बहुधा त्याच्या बायकोचे असेल असे समजून मावशीने पिन टाकला. चूक लक्षात आल्यावर तिने त्या क्रमांकावर फोन केला, मग पुन्हा केला, मग संध्याकाळपर्यंत अकरा वेळा केला. समोरच्या बाईंनी तिचा क्रमांक ब्लॉक केला. पुढे कळले, की त्या बाईंना हा फसवणुकीचा फोन वाटला होता, कारण "चुकून पैसे आलेत, परत पाठवा" म्हणत लुबाडणाऱ्यांच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. मावशीने शेवटी आपल्या शाखेत अर्ज दिला, तिच्या बँकेने समोरच्या बँकेला कळवले, त्या बँकेने बाईंना विचारले, आणि बाईंनी दोन दिवसांत लेखी संमती दिली. त्या प्रामाणिकच होत्या, त्यांना फक्त विश्वास ठेवता येईल अशा तोंडून निरोप हवा होता.

म्हणून समोरच्याशी संपर्क साधायचाच असेल तर एकदाच, सभ्य शब्दांत संदेश पाठवा. त्यात यूटीआर, रक्कम आणि वेळ द्या आणि "आपण मला थेट काहीही पाठवू नका, आपल्या बँकेत चौकशी करून खात्री करून घ्या" असे आवर्जून लिहा. त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये 'चुकीच्या खात्यात गेले' या प्रकारची तक्रार टाका आणि आपल्या शाखेत अर्ज द्या. अर्जाचा मजकूर असा असू शकतो:

"महोदय, माझे आपल्या शाखेत वरील क्रमांकाचे बचत खाते आहे. दिनांक अमुक रोजी अमुक वाजता मी यूपीआयद्वारे रुपये १४,०००/- पाठवले. ते नजरचुकीने अमुक यूपीआय आयडीवर जमा झाले आहेत. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सोबत दिला आहे. सदर रक्कम जमा झालेल्या बँकेशी आपण तातडीने संपर्क साधून, खातेदाराची संमती घेऊन रक्कम परत मिळवून द्यावी आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मला द्यावी, ही विनंती. या अर्जाची पोच मिळावी."

शेवटचे वाक्य औपचारिक वाटले तरी सगळ्यांत महत्त्वाचे तेच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायची वेळ आली, तर दिवस या तारखेपासून मोजले जातात. शाखेत जाणे जमत नसेल तर बँकेच्या अधिकृत तक्रार-ईमेलवर हाच मजकूर पाठवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

समोरच्याने पैसे परत करायला साफ नकार दिला, तर मार्ग लांबतो. बँक तुम्हाला त्याचे नाव-पत्ता सहजासहजी देणार नाही, कारण ती त्याची खासगी माहिती आहे. अशा वेळी पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याचे पैसे आहेत हे कळल्यावरही ते अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो आणि पोलिसांना तपासासाठी बँकेकडून माहिती मागवता येते. वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी दावा हाही पर्याय असतो, परंतु लहान रकमेसाठी त्याचा खर्च आणि वेळ परवडतो का, हे आधी मोजून पाहावे. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे बँकेच्या निरोपावर नाहीतर पोलीस ठाण्याच्या एका फोनवर मिटलेली आहेत.

फसवणूक झाली असेल तर

इथे पहिले काम एकच आहे: १९३० या क्रमांकावर फोन करणे. ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती का महत्त्वाची, हे समजले तर घाई का करायची हेही समजेल. लुबाडलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. पहिल्या खात्यातून ते काही मिनिटांत तीन-चार खात्यांत विभागले जातात, तिथून पुढे आणखी, आणि शेवटी एटीएममधून रोखीने काढले जातात किंवा दुसऱ्या मार्गाने देशाबाहेर जातात. १९३० वर नोंदवलेली तक्रार एका सामाईक यंत्रणेतून संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अजून शिल्लक असतील तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. तुम्ही फोन करेपर्यंत साखळी किती लांबली, यावरच काय हाती लागेल हे ठरते.

फोन करताना यूटीआर, रक्कम, वेळ, तुमच्या बँकेचे नाव आणि समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा मोबाईल क्रमांक समोर ठेवा. एकाहून अधिक व्यवहार झाले असतील तर प्रत्येकाचा यूटीआर वेगळा सांगा, एकूण रक्कम एकदम सांगून भागत नाही. फोन लागत नसेल तर वाट पाहत बसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर, आर्थिक फसवणुकीच्या विभागात तक्रार तिथेच नोंदवता येते. फोनवर तक्रार घेतली गेली तर तुम्हाला पोच क्रमांक मिळतो, त्यानंतर २४ तासांच्या आत पोर्टलवर उरलेली माहिती आणि पुरावे भरून ती तक्रार पूर्ण करायची असते. पुष्कळ लोक फोन झाला म्हणजे काम झाले असे समजून हा टप्पा विसरतात.

घरात दुसरे कोणी असेल तर कामे वाटून घ्या. एकाने १९३० लावावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून यूपीआय बंद करायला सांगावे. तो क्रमांक डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकावर छापलेला असतो, तिथूनच घ्यावा. कोणाच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे (स्क्रीन शेअरिंगचे) अ‍ॅप घातले असेल, तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढून टाका आणि यूपीआय पिन व नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित फोनवरून किंवा शाखेत जाऊन बदला. फसवणाऱ्याशी झालेले संभाषण मात्र रागाच्या भरात पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे.

यानंतर पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवण्याचा आग्रह धरा. "हा गुन्हा आमच्या हद्दीतला नाही" असे उत्तर मिळाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा नम्रपणे उल्लेख करा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती देता येते.

आता बँकेच्या जबाबदारीविषयी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारी चौकट घालून दिली आणि सहकारी बँकांसाठी तशीच चौकट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली. त्याप्रमाणे बँकेच्या हलगर्जीपणामुळे तुमच्या परवानगीविना व्यवहार झाला असेल, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकारात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते सोसावे लागते. बँकेला कळवल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती जमा करणे आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढणे तिच्यावर बंधनकारक केले गेले. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला गेला.

परंतु इथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. आपण स्वतः पिन टाकलेला असेल किंवा ओटीपी कोणाला सांगितलेला असेल, तर बँक त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणते, आणि या चौकटीप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे मानले जाते. तरीही कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे असते. म्हणूनच "चूक माझीच होती, आता कशाला सांगायचे" असा विचार करून लाजेने गप्प बसणे हे या संकटातले सगळ्यांत मोठे नुकसान आहे. विशेषतः घरातील वडीलधारी माणसे मुलांच्या रागाला घाबरून दोन-दोन दिवस काही बोलत नाहीत. त्यांना त्या क्षणी बोल लावू नका. आधी त्यांच्या हातातून फोन घेऊन १९३० लावा.

रक्कम रोखली गेली असे पोर्टलवर दिसले, तरी ती आपणहून खात्यात येईल असे गृहीत धरू नका. सहसा त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्याकडून कोणत्या बँकेत किती रक्कम रोखली आहे याची माहिती घ्यावी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली ती परत मिळण्यासाठी अर्ज करावा. अनेक ठिकाणी असे अर्ज लोकअदालतीतही निकाली निघतात, तेव्हा पुढची लोकअदालत कधी आहे, हे विचारून ठेवावे. या काळात "तुमचे रोखलेले पैसे सोडवून देतो, आधी अमुक टक्के शुल्क भरा" असे सांगणारे फोन येऊ शकतात. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस, न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक फोन करून असे शुल्क कधीही मागत नाही.

बँक दाद देत नसेल तर

बँकेकडे लेखी तक्रार देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून सर्व तक्रारी एकाच योजनेखाली घेतल्या जातात आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो आणि १४४४८ या क्रमांकावर मदत मिळते. बँकेकडे न जाता थेट इथे आलेली तक्रार फेटाळली जाते, म्हणून शाखेची पोच किंवा ईमेलची प्रत सोबत जोडा. तक्रारीत आपल्या हालांचे वर्णन थोडक्यात ठेवा आणि बँकेने कोणता नियम पाळला नाही, किती दिवस उशीर केला, तुम्हाला नेमके किती रुपये मिळायला हवेत, हे तारीखवार लिहा.

आणि तुमच्याच खात्यात दुसऱ्याचे पैसे आले तर

मावशीच्या प्रकरणातल्या त्या बाईंच्या जागी आपणही कधीतरी असू शकतो. फोन आल्यावर आधी एसएमएस बाजूला ठेवून खात्याचा उतारा पाहा. रक्कम आलेलीच नसेल तर विषय संपला. खरोखर आलेली असेल तरी ती फोन करणाऱ्याने सांगितलेल्या क्रमांकावर स्वतः पाठवू नका, कारण ती दुसऱ्याच कोणाची लुबाडलेली रक्कम असू शकते आणि ती पुढे पाठवल्यामुळे तुमचे खाते त्या साखळीतला एक दुवा ठरून गोठवले जाऊ शकते. ती खर्चही करू नका. आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या, त्यात यूटीआर लिहा, "ही रक्कम माझी नाही, ती आली त्याच खात्यात परत पाठवण्यास माझी संमती आहे" असे नमूद करा आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.